तेजराव सरांचा बुधवार

पेट्रोल पंपावर रांगेत उभी राहिले की माझा उजवा पाय आपोआप हलायला लागतो. ही खोड माझी नव्हे, तेजराव सरांची. त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून मी काही वर्षं बुलडाण्याहून मोताळ्याच्या शाळेत अप-डाऊन केलं, त्याचा हा प्रसाद.

स्वस्थ बसलेले सर मी जवळजवळ पाहिलेच नाहीत. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे चहा पीत असायचो आणि हा माणूस कप हातात घेऊन खिडकी ते दार, दार ते खिडकी. बोटात गाडीची किल्ली गरगर फिरते आहे, चष्मा नाकावर घसरलाय, आणि मध्येच कुणाच्या तरी फोनमध्ये डोकावून विचारणं, "आज किती हो? वाढलं का?" कशाचा भाव ते सांगावं लागत नसे. सोयाबीन-कापसाचे भाव विचारणारे शाळेत पुष्कळ होते, पेट्रोलचा रोज विचारणारे हे एकच. वाढलं असं कळलं की कप जिथे असेल तिथे टेकवायचे आणि बाहेर जाऊन गाडीभोवती एक चक्कर मारून यायचे. आजारी माणसाला बघून यावं तसे.

चिक्कू मात्र मुळीच नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण मोताळ्यात त्यांना चिक्कू म्हणणारे खूप भेटतील आणि मला त्या लोकांचा मनापासून राग येतो. पोरांच्या सहलीला, कुणाच्या घरच्या लग्नाला, कुणाच्या दवाखान्याला सरांनी कधी हात आखडला नाही. त्यांची सगळी काटकसर त्या एका टाकीपुरती होती आणि त्या टाकीमागे बुधवार होता.

तो बुधवार काय ते सांगते. सर बुलडाण्याचे. घर तिथे, म्हातारी आई तिथे. नोकरी मोताळ्याला, राजूर घाट उतरून खाली. आणि बायको, वंदनाताई, आरोग्यसेविका. त्यांचं उपकेंद्र जळगाव जामोदच्याही पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका खेड्यात. तिथेच राहून करायची नोकरी ती. मुलगी स्वरा लहान, म्हणून वंदनाताईंजवळ. बदलीचे अर्ज दोघांनीही करून झाले होते, दरवेळी काहीतरी माशी शिंकायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सर बसनं तिकडे जायचे, रविवार राहायचे. पण तेवढ्यानं भागत नव्हतं.

"मॅडम, शनवारी मी गेलो की पोट्टी मायले सांगते, आई, पाहुने आले," एकदा ते मला म्हणाले. "आता मी पाहुना व्हय का?"

म्हणून बुधवार. त्या दिवशी संध्याकाळी शाळेतून थेट निघायचं, नांदुऱ्यावरून जळगाव, तिथून पुढे खेडं. रात्री पोरीजवळ झोपायचं आणि गुरुवारी पहाटे निघून शाळा भरायच्या आत मोताळ्यात हजर. गाडीतले आम्ही बाकीचे बुधवारी संध्याकाळी आणि गुरुवारी सकाळी बसनं जायचो-यायचो, तसं ठरलेलंच होतं. सरांना बसनं जाणं शक्य नव्हतं, कारण जळगावहून त्या खेड्याची शेवटची गाडी ते पोचायच्या आत निघून जायची. मोटारसायकल होती, तर मणक्यात गॅप निघाला आणि डॉक्टरनं दुचाकीला हात लावायचा नाही म्हणून दम भरला. मग ही जुनी, लहान, पांढरी गाडी घेतली. गाडी दारात आली आणि पेट्रोलनं शंभरी ओलांडली. आमच्याकडे म्हणतात ना, दुष्काळात तेरावा महिना, तशातली गत.

मग सरांनी भागीदार शोधले. एक तहसीलमधले कारकून गोपालभाऊ, दुसरी मी. आम्ही दर महिन्याला वर्गणी द्यायची, सरांनी नेऊन आणायचं. मी तोंडाळ बाई, पहिल्याच दिवशी आमची जुंपली.

गाडीत बसते न बसते तोच सरांनी आरशातून विचारलं, "मॅडम, डब्यात काय आहे?"

मी म्हटलं, "तुमाले काय करा लागते?" वर्गात मी शुद्ध मराठी शिकवते. गाडीत नाही.

"रस्सा असन तं उद्यापासून कोरडी भाजी आना. रस्सा जड राह्यते."

गोपालभाऊ पुढे बसून खो-खो हसत होते. मला वाटलं थट्टा आहे. थट्टा कसली! डिकी धुऊन पुसून रिकामी. पायाखालचे रबरी मॅट काढून घरी ठेवलेले. स्टेपनीसुद्धा काढायच्या बेतात होते, गोपालभाऊंनी हातापाया पडून वाचवली. चाकांत हवा दर सोमवारी. गाडीला एसी होता, पण त्याच्या बटणावर चिकटपट्टी मारलेली. आमचा मे महिना ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या चिकटपट्टीची किंमत कळेल. मी ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसायचे आणि सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. ते शांतपणे म्हणायचे, "खिडकी आहे ना मॅडम. हवा फुकट आहे."

पेट्रोल भरायचं ते दिवस तापायच्या आत. "सकायचं पेट्रोल घट्ट राह्यते. दुपारी पातय होते."

"सर, तुमी विज्ञान शिकवता!" मी ओरडले. "टाकी जमिनीच्या खाली असते. तिथं कायचं ऊन?"

"वर्गात बराबर तसंच शिकवतो," सर म्हणाले. "पन पंपावर रिस्क कायले घ्या?"

रस्त्याकडे बघायची त्यांची नजरच वेगळी होती. आपल्याला रस्ता दिसतो, त्यांना चढ आणि उतार दिसायचे. बुलडाण्यातून बाहेर पडताना कुठल्या दुकानापासून पाय काढून घेतला की गाडी आपोआप कुठल्या वडापर्यंत जाते, हे त्यांना पाठ होतं. "उतार देवाचा, चढ पंपवाल्याचा," हे त्यांचं ब्रीदवाक्य. कुणी मध्ये आडवं आलं आणि ब्रेक मारावा लागला, तर दहा मिनिटं हळहळत बसायचे.

आमचे एक केंद्रप्रमुख होते. म्हणजे अनेक शाळांवर देखरेख करणारे साहेब. देह भारदस्त, आवाज त्याहून. त्यांना कळलं की तेजरावची गाडी रोज जाते-येते, आणि ते एक दिवस घाटाखालच्या फाट्यावर हात दाखवून उभे राहिले. साहेबांना नाही कोण म्हणणार? गोपालभाऊ मागे माझ्या शेजारी आले, साहेब पुढे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. वर्गणीचा विषय निघाला की साहेब डोळे मिटून घ्यायचे. एके दिवशी तर चिकटपट्टीवर नख मारून म्हणाले, "तेजराव, हे काय लावलं बे? एसी चालू कर ना." सरांनी एसी लावला. आरशात त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू घरचं कोणी गेलंय. असं बरेच दिवस चाललं.

मग एका मंगळवारी संध्याकाळी घाट सुरू होतो तिथे गाडी आचके देऊन थांबली. सर खाली उतरले, बॉनेट उघडलं, आत तोंड घालून बराच वेळ काहीतरी करत राहिले.

"काय झालं?" साहेब.

"चढून नाही राह्यली, साहेब. लोड घेऊन नाही राह्यली."

"मंग?"

"हे दोघं तं हलके आहेत. तुमी जर का त्या वळनापर्यंत जरासे पायी..."

साहेब उतरले. पुढचं दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. साहेब घाम पुसत चढताहेत, कठड्यावर माकडं बसून बघताहेत, आणि शेजारून आमची गाडी पहिल्या गिअरमध्ये बैलगाडीच्या चालीनं. सर खिडकीतून मान काढून धीर देताहेत, "झालंच साहेब. हे आलंच." ते वळण आलं, मग त्याच्या पुढचं वळण आलं. दुसऱ्या दिवसापासून साहेब बसनं जायला लागले. मी हसून हसून पदरात तोंड खुपसलं होतं. सर हसले नाहीत. नवीन चिकटपट्टी लावत म्हणाले, "मले वाईटच वाटते हो मॅडम. मोठ्या मानसाले पायी चालवलं. पन उद्या जा लागते ना."

इथपर्यंत गंमत होती. पेट्रोल आणखी चढलं आणि गंमत सरली. सर सकाळी घाट उतरताना आधी गाडी न्यूट्रलमध्ये टाकायचे, आता सरळ किल्लीच फिरवून इंजिन बंद करायला लागले. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. मला उलट ते आवडायचं. आवाज बंद, नुसता वारा, गाडी पाण्यावरून गेल्यासारखी खाली जाते आहे. गोपालभाऊ मात्र दाराचा दांडा धरून रामरक्षा म्हणायचे. त्यांना ठाऊक होतं की इंजिन बंद असलं की ब्रेक एक-दोनदाच नीट लागतो, नंतर दगड होतो.

श्रावणातला दिवस, मंगळवारच. भुरभुर चालू, रस्ता ओला. एक वळण घेतलं आणि समोर मेंढरंच मेंढरं, सगळा रस्ता पांढरा. सरांनी ब्रेक दाबला, सुटला, पुन्हा दाबला, आणि मग पाय नुसता धडपडायला लागला. "लागून नाही राह्यला! लागून नाही राह्यला!" ते ओरडत होते. गोपालभाऊंनी हँडब्रेक ओढला, सरांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढून डोंगराच्या बाजूला घेतलं, आणि रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगावर गाडी चढून थांबली. दुसऱ्या बाजूला काय होतं ते बघायला मी मान वळवली नाही.

मेंढपाळ काठी टेकत आला, आत डोकावला. "काय मास्तर, इंजन घरी ठुलं का आज?"

मी खाली उतरले आणि तोंडाला येईल ते बोलले. सर ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "उद्या बुधवार आहे ना, मॅडम."

"बुधवार पाहाले जितं राहा लागते, सर!" माझा आवाज घाटात घुमला. "आज त्या पोरीले पाहुना तरी आहे. तुमीच नाई राह्यले तं कोनाची वाट पाहीन ते?"

सर कठड्यावर बसले. खरंच बसले, हात दोन्ही मांडीखाली दाबून. मलाच मग रडू फुटलं. त्या दिवसानंतर उतारावर त्यांनी किल्लीला हात लावला नाही. पण त्याचा परिणाम टाकीवर व्हायचा तो झालाच.

त्यात गोपालभाऊंनी मोताळ्यात खोली केली. बायकोनं घाटाची गोष्ट ऐकली आणि शपथ घातली, त्यांना दोष कसा देऊ? दुसरा भागीदार मिळेना. जो तो खोली करून राहिलेला, नाहीतर एका मोटारसायकलवर दोघं. माझ्या एकटीच्या वर्गणीवर रोजचा घाटच कसाबसा निघायचा. सरांनी एक बुधवार चुकवला. मग पुढचाही. बुधवारी संध्याकाळी बुलडाण्याला परतताना ते नुसता गिअरवर अंगठा आपटत राहायचे, टक टक टक, वर पोचेपर्यंत. एकदा मी म्हटलं, सर, थांबवा ते, डोकं उठलं. थांबवलं आणि लगेच पुन्हा सुरू झालं.

अशाच एका गुरुवारी सकाळी हसत हसत म्हणाले, "काल फोनवर पोट्टीची गंमत ऐका, मॅडम. मायले विचारून राह्यली, आई, या हप्त्यात बुधवार नाई आला का?"

मी हसले. तेही हसले. मग घाटाच्या तोंडाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि "टायर पाह्यतो जरा" म्हणून उतरले. टायर चांगला होता. माझ्याकडे पाठ करून ते तो टायर फार वेळ बघत राहिले.

त्या संध्याकाळी मी माझं डोकं लावलं. म्हटलं, गोपालभाऊंची वर्गणीही मीच देते, तुम्ही बुधवार सुरू करा. सर एवढे चिडतील असं वाटलं नव्हतं.

"म्हंजे मी पोरीले भेटाले जाईन अन् पेट्रोल तुमी भरसान? मंग मी कायचा बाप?"

"अकडू नका सर. मानूस मानसाले मदत करते का नाई?"

"मले नाई पाह्यजे."

"मंग बसा हवा खात! फुकट आहे!" असं म्हणून मी दार आपटलं आणि पुढचे काही दिवस बसनं गेले. उभ्यानं, कोंबून, कुणाच्या तरी मिरच्यांच्या पोत्यावर पाय ठेवून. पण गेले. मग एका सकाळी बसस्टँडवर ती पांढरी गाडी येऊन उभी राहिली, काच खाली झाली.

"बसा ना मॅडम. रस्स्याची भाजी असन तरी बसा."

आता अशा माणसावर किती दिवस रागावणार? बसले. आणि त्यांनीच बातमी दिली. तोड वंदनाताईंनी काढली होती. बुधवारी दुपारी त्या स्वराला घेऊन बसनं नांदुऱ्याला यायच्या, सरांनी शाळा सुटल्यावर मोताळ्याहून नांदुऱ्यापर्यंतच जायचं. बसस्टँडवर भेटायचं. मग शेवटच्या बसनं मायलेकी जळगावला मावसबहिणीकडे मुक्कामी, सकाळी पहिल्या गाडीनं खेड्यावर. त्या रात्रीपुरतं उपकेंद्र दुसऱ्या सिस्टर सांभाळायच्या.

"अर्धा रस्ता वंदनाचा, अर्धा माह्या," सर म्हणाले. कित्येक आठवड्यांनी त्यांचा चेहरा उजळला होता.

जेमतेम तासाभराची भेट. पण दर गुरुवारी त्या तासाची हकिकत मला घाट उतरेपर्यंत पुरायची. पोरीनं भजी खाल्ली, मिरची काढून बापाला दिली. पोरीला मोर काढता येतो. पोरीचा दात हलतोय. मी ऐकायचे आणि बरं वाटायचं. पण सरांची तगमग काही कमी झाली नाही, उलट वाढली. बुधवारी शेवटच्या तासाला ते फळ्याकडे कमी आणि दाराकडे जास्त बघायचे. एकदा म्हणाले, "मॅडम, शनवारचं ठीक आहे, रात हातात राह्यते. हा तास मोठा बेकार. सुरू झाला की संपालेच लागते. पोट्टी मांडीवर बसते अन् मी बसची वाट पाह्यतो. येऊ नये म्हनून वाट पाह्यतो."

उन्हाळ्याच्या तोंडाशी माझ्या बदलीची ऑर्डर आली, बुलडाण्याजवळच चिखली रस्त्यावरच्या शाळेत. मला घर जवळ पडणार होतं, आनंद व्हायला हवा होता. निरोपाच्या दिवशी सर स्टाफरूममध्ये येरझाऱ्या घालत राहिले, भाषण केलं नाही. "तुमी भांडत होत्या तं रस्ता कटत होता," एवढं म्हणाले. माझी वर्गणीही आता बंद होणार होती. ते दोघांनाही कळत होतं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. अकोल्याला बहिणीकडे जायचं होतं म्हणून नांदुऱ्याला रेल्वे पकडायला आले होते. बसमधून उतरून रिक्षात बसले आणि स्टँडच्या कडेला ती पांढरी गाडी दिसली. तेव्हा आठवलं, आज बुधवार. हाक मारणार होते, मारली नाही. त्यांच्या तासात मी कशाला? रिक्षावाल्याला म्हटलं, थांब जरा बाप्पा, घाई नाही.

स्वरा बॉनेटवर बसली होती, सर तिला दोन्ही हातांनी धरून उभे होते. वंदनाताई पिशवी आवरत होत्या. जळगावची बस लागली, कंडक्टर ओरडायला लागला. सरांनी पोरीला उचललं. तिनं त्यांच्या शर्टाची कॉलर धरली. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती, नुसती धरून ठेवली होती. सर तिचं एक एक बोट सोडवत होते आणि ती दुसऱ्या हातानं धरत होती. शेवटी वंदनाताईंनी ओढून घेतलं, बस हलली.

सर हात वर करून उभे राहिले. बस वळणावर दिसेनाशी झाल्यावर गाडीत बसले. गाडी रस्त्यावर आली, मोताळ्याकडे वळायचा दिवा लागला, आणि ती तशीच उभी राहिली. मागून ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवतोय, शिव्या देतोय, गाडी हलेना. मग एकदम ती उलटीकडे वळली, जळगावच्या रस्त्याला, दिवा मोताळ्याकडचाच चालू.

"चल रे भाऊ, तिच्या मागं!" मी रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारली.

बस थोड्याच अंतरावर कुणाला तरी घ्यायला थांबली होती. सरांनी गाडी तिच्यापुढे नेऊन आडवी लावली, दार उघडंच टाकून धावले आणि बसचा पत्रा बडवायला लागले. "वंदना! उतर! उतर वं!"

वंदनाताई खिडकीत आल्या, चेहरा पांढरा. "काय झालं? आई बऱ्या आहेत ना?"

"आई बरी आहे. तू उतर."

त्या उतरल्या, काखेत पोरगी, हातात पिशवी, आणि तिथेच भर रस्त्यात सुरू झाल्या. "बयताड झाले का तुमी? येवढं पेट्रोल फुकसान अन् पुढच्या हप्त्यात काय करसान? टाकीत पानी टाकसान का?"

"पुढच्या हप्त्याचं पुढच्या हप्त्यात पाहू," सर म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "आज मी नाई जाऊ शकत वं. नाई जमून राह्यलं मले."

वंदनाताई काहीतरी बोलायला गेल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. कंडक्टरनं घंटी मारली, बस बाजूनं निघून गेली. स्वरा केव्हाच आईच्या काखेतून घसरून पळाली होती. उघड्या दारातून पुढच्या सीटवर चढून बसली आणि आतून ओरडली, "बाबा, चाला ना लवकर! आपल्या घरी चाला!"

आणि सर पळतच गेले.